तळघरातलं सुतारकाम आणि भुशाचा बंदोबस्त: नवा बंगला बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान हौशी सुतारकाम करणाऱ्यांसाठी आहे. बंगला किंवा रो-हाउस बांधायला काढलंय, तळघर मिळणार आहे आणि तिथे टेबल सॉ, रंधा मशीन, बँड सॉ, सँडर मांडायचा बेत आहे, असं गृहीत धरलंय. आकडेमोडीसाठी २० × १५ फुटांची, ९ फूट उंचीची खोली धरली आहे. हवेचा प्रवाह सीएफएममध्ये, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट, असा दिला आहे, कारण बाजारात डस्ट कलेक्टर, म्हणजे यंत्रांतला भुसा ओढून गोळा करणारे पंखे, याच मापात विकले जातात.

अजून खोदाईसुद्धा झाली नाही. आत्तापासून डस्ट कलेक्टरचा विचार कशाला?

कारण यंत्रं कधीही बदलता येतात, पण काँक्रीटमधली भोकं बदलता येत नाहीत. तळघराची बाहेरची भिंत आरसीसी असते आणि तिच्या पाठीला वॉटरप्रूफिंग असतं. धुळीची हवा बाहेर सोडायचा पाईप, बाहेरची हवा आत यायची खिडकी, डीह्युमिडिफायरचं पाणी, केबल यांना नंतर कोअर कटिंग करून, म्हणजे काँक्रीटला यंत्रानं गोल भोक पाडून, वाट काढली, तर पहिल्याच पावसाळ्यात त्या वाटेनं पाणीही येतं. म्हणून शटरिंग बांधलेलं असतानाच स्लीव्ह, म्हणजे पाईप नेण्यासाठी भिंतीत ठेवायची नळकांडी, टाकून घ्या: एक २०० मिमीचा, एक ११० मिमीचा आणि केबलसाठी दोन ५० मिमीचे. भिंतीतल्या स्लीव्हला मध्यावर पडल फ्लँज, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतणारी चकती, हवी, म्हणजे पाईपच्या कडेनं पाणी सरकत नाही. लागणार नसलेला स्लीव्ह टोपी लावून बंद ठेवता येतो, त्याचा खर्च नगण्य.

तुळईतून पाईप न्यायचा असेल तर जागा आणि आकार आरसीसी सल्लागारानेच ठरवावा. साइटवरचा मिस्त्री ‘करून देतो साहेब’ म्हणाला तरी त्याला थांबवा.

तळघरात वर्कशॉप काढायला परवानगी लागते का?

मंजूर नकाशात तळघराचा वापर लिहिलेला असतो, तो आधी वाचा. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत तळघराचे वापर मोजून दिलेले आहेत: पार्किंग, यंत्रसामग्री, घरगुती साठवण वगैरे. साठवणीच्या बाबतीत नियमांचा रोख सहज न पेटणाऱ्या सामानाकडे असतो, आणि लाकूड त्यात बसत नाही. स्वतःपुरती हौस आणि पैसे घेऊन केलेलं काम यांतही फरक आहे. दुसऱ्या बाबतीत विजेचा दरही बदलतो. आर्किटेक्टला ‘स्टोअर रूम’ न सांगता खरा हेतू सांगा, म्हणजे हवा, जिना आणि बाहेर पडायची दुसरी वाट यांचा विचार तो नकाशातच करेल.

उंची किती ठेवावी?

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार तळघराची उंची किमान २.४ मीटर लागते. वर्कशॉपला ती पुरत नाही. आठ फुटी फळी म्हणजे २.४४ मीटर. ती उभी करून फिरवायची, तर तेवढ्या उंचीत छत खरवडणार. त्यात पाईप छताखालून जाणार: ११० मिमीचा पाईप, त्याचे क्लॅम्प आणि खाली उतरणारा वाय (शाखा काढायचा तिरका जोड) मिळून सहज २०० मिमी खातात. तुळईच्या खाली किमान ९ फूट मोकळे मिळतील असं बघा. ते शक्य नसेल तर पाईप छताखालून न नेता भिंतीच्या कडेनं, कंबरेच्या उंचीवरून फिरवा. दिसायला बरं नाही, पण वळणं कमी होतात आणि साफसफाई सोपी जाते.

प्लायची शीट जिन्यावरून खाली जाईल का?

आठ बाय चारची शीट मध्ये वळणाऱ्या साडेतीन फुटी जिन्यात हमखास अडकते. १८ मिमी प्लायची शीट तीसेक किलो भरते, त्याच जाडीचं एमडीएफ चाळिशीच्या आसपास. बिडाच्या टेबलाची कॅबिनेट सॉ २०० किलोच्या पुढे जाते, ती चार माणसांनी वळणाच्या जिन्यावरून उतरवणं म्हणजे कुणाचं तरी बोट जाणं. तळघराला सरळ, वळण नसलेला ४ फुटी जिना द्या. नाहीतर बाहेरच्या बाजूनं उताराची वाट किंवा झाकणाचं मोकळं तोंड ठेवा. यातलं काहीच जमत नसेल तर सोपा मार्ग म्हणजे शीट वरच पार्किंगमध्ये ट्रॅक सॉनं ढोबळ कापायची आणि तुकडे खाली न्यायचे. असं केलं की बरीचशी धूळही तळघराबाहेरच राहते.

तळघरात ओल येणारच ना?

बांधतानाच बंदोबस्त केला नाही, तर येणारच. आपल्याकडे रुळलेली पद्धत बॉक्स वॉटरप्रूफिंगची: राफ्टखाली (तळाच्या काँक्रीटच्या थराखाली) आणि भिंतीच्या बाहेरून शहाबादी फरशा लावून मधल्या फटीत वॉटरप्रूफिंग मिसळलेला सिमेंटचा रस्सा भरायचा. भिंतीची बाजू मातीनं भरून काढण्याआधी हे पूर्ण झालेलं हवं, नंतर आतून केलेलं सगळं म्हणजे मलमपट्टी. एका कोपऱ्यात ६० × ६० × ६० सेंटीमीटरचा खड्डा ठेवा, त्यात फ्लोटवर चालणारा पंप सोडा आणि त्या पंपाला इन्व्हर्टरची लाईन द्या, कारण पाऊस आणि वीज जाणं जोडीनंच येतं.

बांधकाम संपल्यावर लगेच लाकूड आणून रचू नका. ताज्या काँक्रीटमधली ओल कित्येक महिने निघत असते. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून फरशीवर चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खालून दव धरलं किंवा काँक्रीट काळपट झालं, तर थांबा.

पावसाळ्यात लाकडाचं आणि यंत्रांचं काय होतं?

७५–८० टक्क्यांच्या वरची आर्द्रता टिकली की बिडाच्या टेबलावर दोन-तीन दिवसांत तांबूस ठिपके उठतात. लाकडाचंही गणित बदलतं. साधारण २७ अंश तापमानाला हवेत ६० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड ११ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास, ९० टक्क्यांना २० च्या जवळ. जुलैत बेतून बसवलेली फळी मार्चमध्ये आकसून फटी दाखवते ती यामुळे.

दिवसाला २०–३० लिटर पाणी काढणारा डीह्युमिडिफायर ५५ टक्क्यांवर लावा आणि त्याची नळी थेट त्या खड्ड्यात सोडा. बादली ठेवलीत तर ती भरून तो बंद पडेल आणि तुम्हाला पत्ता लागेल तो गंज दिसल्यावर. त्याचं फिल्टर मात्र दर आठवड्याला झटकावं लागेल, वर्कशॉपमध्ये ते फार लवकर भरतं. लाकूड भिंतीपासून दोन इंच आणि जमिनीपासून किमान सहा इंच लांब ठेवा.

थोडा भुसा उडाला तर बिघडलं कुठे? सुतार लोक आयुष्यभर त्यातच काम करतात.

करतात, आणि त्याची किंमतही मोजतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली. नाक आणि नाकाभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. प्लाय आणि एमडीएफच्या डिंकातलं फॉर्मल्डिहाइडही त्याच गटात आहे. सागाच्या धुळीनं अनेकांच्या अंगावर पुरळ येतं, शिसमनं दमा चाळवतो.

डोळ्यांना दिसणारा भुसा आणि ढलप्या जमिनीवर पडतात, झाडूनं निघतात. त्रास देते ती १० मायक्रॉनच्या खालची धूळ. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि तळघरात वारा नसल्यामुळे तिला जायला जागाच नसते. गच्चीवर किंवा अंगणात काम करणाऱ्या सुताराला वारा फुकट मिळतो, तुम्हाला तो विकत घ्यावा लागणार. खालचं सगळं वाचताना एवढं धरून चाला: ढलप्या उचलणं सोपं आहे, खर्च होतो तो बारीक धुळीसाठी.

मोठा व्हॅक्युम क्लीनर घेतला तर चालणार नाही का?

हातातल्या यंत्रांना तोच बरा. सँडर, जिगसॉ, राउटर, ट्रॅक सॉ यांची तोंडं लहान असतात, तिथे जोरदार ओढ लागते, हवा कमी चालते. व्हॅक्युमची ओढ डस्ट कलेक्टरच्या सहा-आठपट असते, पण हवा जेमतेम १०० सीएफएम. उलट १० इंची टेबल सॉच्या पोटातला भुसा नुसता उचलायलाच ३५०–४०० सीएफएम लागतात, आणि बारीक धूळही पकडायची तर ६००–८०० च्या घरात जावं लागतं. बारा इंची थिकनेसरला, म्हणजे फळीची जाडी एकसारखी करणाऱ्या रंधा मशीनला, ४००–५००. ही यंत्रं व्हॅक्युमला जोडली की दहा मिनिटांत नळी चोंदते. म्हणजे दोन्ही हवेत. व्हॅक्युमसमोर बादलीवर बसणारा छोटा सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा खाली पाडणारं नरसाळं, लावला तर त्याचं फिल्टर कितीतरी जास्त टिकतं.

किती एचपीचा डस्ट कलेक्टर घ्यावा?

एका वेळी एकच यंत्र चालणार असेल आणि पाईपची लांबी २५–३० फुटांत बसत असेल, तर २ एचपी. एकेका यंत्राशेजारी ढकलत नेऊन जोडणार असाल तर १ एचपीवरही निभतं. तीन एचपीच्या पुढे सिंगल फेजवर जाण्यात फारसा अर्थ नाही.

जाहिरातीतला आकडा जसाच्या तसा धरू नका. ‘१२०० सीएफएम’ हा आकडा बहुधा पाईप नाही, पिशवी नवी, तोंड उघडं अशा स्थितीत मोजलेला असतो. प्रत्यक्षात निम्मी ते दोन-तृतीयांश हवा मिळाली तरी नशीब. आणखी एक खोच आहे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. तिथली पंख्याला थेट जोडलेली मोटर इथे पाचषष्ठांश वेगानं फिरते, त्यामुळे हवा ८३ टक्क्यांवर येते आणि ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ६९ टक्क्यांवर. काही विक्रेते तिथलं माहितीपत्रक तसंच छापतात. मोटरच्या पाटीवर आरपीएम बघा: २८०० च्या आसपास असेल आणि माहितीपत्रकात ३४५० लिहिलं असेल, तर त्यातले हवेचे आकडेही तिकडचेच.

आणि पिशवी. स्वस्त कलेक्टरबरोबर येणारी कापडी पिशवी ३० मायक्रॉनची असते. म्हणजे जी धूळ पकडायची, नेमकी तीच ती फवाऱ्यासारखी खोलीभर उडवते. बजेट ताणायचं असेल तर इथे ताणा: १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळणारं, घड्या घातलेल्या कागदाचं (प्लीटेड) काडतूस फिल्टर घ्या.

पाईप कोणता घालू? पत्र्याचा की पीव्हीसीचा?

पत्र्याचा स्पायरल डक्ट उत्तम, पण घरगुती कामाला कारागीर मिळवणं आणि फिटिंग बनवून घेणं अवघड जातं. आपल्याकडे व्यवहार्य म्हणजे सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पीव्हीसी पाईप, प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात मिळणारा. त्यात ७५, ९०, ११० आणि १६० मिमी ही बाहेरच्या व्यासाची मापं. ‘ए’ प्रकार पावसाच्या पाण्यासाठी, पातळ. ‘बी’ सांडपाण्यासाठी, जाड. ओढीनं पाईप चपटा होऊ नये म्हणून १६० मिमीत तरी ‘बी’ घ्या.

या मालात एक आयती सोय आहे जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही: दाराचा बेंड आणि दाराचा वाय. स्क्रू काढला की दार उघडतं आणि अडकलेली ढलपी हातानं काढता येते. प्रत्येक वळणावर दाराचीच फिटिंग टाका. शाखा जोडताना टी अजिबात नको, ४५ अंशाचा वाय घ्या आणि त्याचं तोंड हवेच्या प्रवाहाच्या दिशेनं झुकलेलं ठेवा. प्लंबर सवयीनं तो पाण्याच्या उतारासारखा लावतो. हवा कुठून कुठे जाणार हे पाईपवर बाण काढून दाखवा, नाहीतर अर्धे वाय उलटे बसलेले दिसतील. नव्वद अंशाचं वळण दोन ४५ अंशांच्या बेंडनी घ्या, मध्ये वीतभर सरळ पाईप ठेवून.

जोड सोल्युशननं कायमचे चिकटवू नका. रबर रिंगच्या किंवा टेप मारलेल्या जोडांना प्रत्येकी एक छोटा स्क्रू पुरतो. पाण्याचा दाब नाही, हवेची ओढ आहे, आणि वर्षभरात यंत्रं एकदा तरी इकडची तिकडे होणारच.

कलेक्टरचं तोंड १०० मिमीच्या नळीसाठी असतं आणि पाईप ११० चा. रबरी कपलर लावून वर होज क्लिप घट्ट करा. लवचिक नळी प्रत्येक यंत्रापाशी एक मीटरपेक्षा जास्त नको, कारण आतल्या वळ्यांमुळे ती गुळगुळीत पाईपच्या जवळपास तिप्पट अडथळा करते. छताला टांगलेली पाच मीटरची नळी म्हणजे कागदावरचा २ एचपी आणि प्रत्यक्षातला पाऊण.

मग सरळ १६० मिमीचाच पाईप सगळीकडे घातला तर जास्त हवा येईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि चूकही इथेच सगळ्यात जास्त होते. पाईपमध्ये भुसा तरंगत जायला हवेला ठरावीक वेग लागतो, मिनिटाला साधारण ४००० फूट. आडव्या पाईपमध्ये वेग ३००० च्या बराच खाली गेला की भुसा तळाशी बसायला लागतो.

आता हिशेब. ११० मिमीच्या पाईपचा आतला व्यास १०४ च्या आसपास, त्यातून ४००० च्या वेगानं सुमारे ३६५ सीएफएम जातात. १६० चा आतला व्यास १५३, त्यातून ७९०. समजा मुख्य पाईप १६० चा घातला आणि बँड सॉला ११० ची एकच शाखा उघडी ठेवली. शाखेतून ३६५ सीएफएम येतात, पण मुख्य पाईपमध्ये शिरल्यावर त्याच हवेचा वेग १८५० वर पडतो. सुरुवातीला काहीच कळत नाही. महिन्याभरात मुख्य पाईपच्या तळाशी भुशाचा गालिचा तयार होतो, पुढे तो सुटून एकदम ढीग येतो आणि बेंडमध्ये बूच बसतं.

दुसऱ्या बाजूनं, सगळीकडे ११० ठेवला तर वेग टिकतो, पण ओढीचा बराच भाग घर्षणात जातो. १०० मिमीच्या पाईपमध्ये त्या वेगाला दहा फुटांमागे साधारण ०.७ इंच उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाब (ओढ याच मापात मोजतात) खर्च होतो, १५० मिमीत ०.४ च्या आसपास. दोन एचपीच्या यंत्राकडे एकूण भांडवलच आठ-दहा इंचांचं.

आमचा कल असा: टेबल सॉ आणि थिकनेसर कलेक्टरच्या सगळ्यात जवळ ठेवा आणि त्यांच्यापर्यंत १६० चा पाईप न्या, यंत्राच्या कॅबिनेटला १५० चं नवं तोंड कापून घ्या, किंवा ११० च्या दोन शाखा, एक खालून आणि एक पात्यावरच्या गार्डमधून, एकाच वेळी उघडा. लांबच्या लहान यंत्रांना कलेक्टरपासूनच वेगळी ११० ची लाईन काढा. १६० च्या शेपटीला ११० ची लांब शाखा जोडायचीच असेल, तर ती चालवताना दुसरी एक झडप अर्धी उघडी ठेवा, म्हणजे मुख्य पाईपचा वेग टिकतो.

प्रत्येक शाखेला सरकती झडप, म्हणजे ब्लास्ट गेट, हवंच. प्लास्टिकच्या झडपांच्या खाचेत भुसा भरून त्या पूर्ण बंद होत नाहीत. खाचेचं बंद टोक ड्रिलनं उघडं केलं की भुसा बाहेर पडतो आणि तक्रार संपते.

सायक्लोन लावावा का?

२ एचपी किंवा जास्त असेल तर जरूर. ढलप्या आणि बहुतेक भुसा पिंपात पडतो, फिल्टरपर्यंत थोडंच जातं. पण सायक्लोन स्वतः दीड-दोन इंच दाब खातो, म्हणून १ एचपीवर लावला तर मशीनवरची ओढच मरते. खालचं पिंप २०० लिटरचं लोखंडी घ्या. पातळ प्लास्टिकचं पिंप एखाद्या दिवशी सगळ्या झडपा बंद असताना कलेक्टर चालू केला की आत ओढलं जाऊन पिचतं. झाकणाला गास्केट लावा: पिंपापाशी बारीकशी जरी हवा आत गळली तरी खाली पडलेला भुसा परत वर उचलला जातो आणि सायक्लोनचा उपयोग संपतो. पिंप काठोकाठ भरल्यावरही हेच होतं, म्हणून झाकणाला पारदर्शक खिडकी ठेवा आणि तीन-चतुर्थांश भरलं की रिकामं करा.

गाळलेली हवा आत सोडायची की थेट बाहेर?

बाहेर सोडली तर फिल्टरची कटकट संपते, ओढही वाढते. पण ८०० सीएफएमच्या हिशेबानं २७०० घनफुटांची आपली खोली साडेतीन मिनिटांत रिकामी होते. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. तिला सरळ वाट नसेल तर ती जिन्याच्या दारातून, म्हणजे घरातून येणार. घरात बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर या उलट्या ओढीनं त्याचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी आत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा धोका किरकोळ समजू नका. बाहेर सोडायचंच असेल तर हवा आत यायला किमान ५० × ५० सेंटीमीटरची मोकळी खिडकी द्या, लूव्हर असेल तर दुप्पट, कारण पट्ट्यांमुळे अर्धी जागा बंद होते.

आत सोडण्यात हा प्रश्न नाही, एसी आणि डीह्युमिडिफायरची मेहनतही वाया जात नाही. मात्र फिल्टर चांगलंच हवं. पुणे-नाशिकच्या हवेत आठ महिने बाहेर आणि पावसाळ्यात आत, असा दोन तोंडांचा पाईप करता येतो. कोकणात आणि गोव्यात आतच बरं. रो-हाउसमध्ये बाहेरचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे ठेवू नका, सायक्लोनमधून सुटलेली पिवळी धूळ त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणार.

पीव्हीसी पाईपमध्ये स्थिर विजेनं स्फोट होतो म्हणतात?

घरगुती पाईपमधली हवा इतकी जास्त आणि भुसा इतका विरळ असतो, की स्फोटाला लागणारं मिश्रण सहसा जमतच नाही. हिवाळ्यात कोरड्या हवेत पाईपला हात लागला की झिणझिणी येते, एवढं खरं. तिच्यासाठी बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळून अर्थिंगला जोडा.

खरी आग वेगळ्या वाटेनं लागते. बेंच ग्राइंडर कलेक्टरला जोडला, किंवा खिळा असलेली जुनी फळी थिकनेसरमधून घातली, तर ठिणगी पाईपमधून जाऊन पिंपातल्या भुशात बसते आणि रात्री पेट घेते. धातूसाठी वेगळा व्हॅक्युम ठेवा. संध्याकाळी काम संपल्यावर पिंप एकदा उघडून हुंगून बघा. अळशीच्या तेलाची चिंधी चुरगाळून टाकलीत तर ती आपोआप तापून पेटते. ती पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. चार ते सहा किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराशी हवं, खोलीच्या टोकाला नको.

वायरिंग कसं करून घ्यावं?

टेबल सॉ आणि कलेक्टर एकाच वेळी चालतात, हे इलेक्ट्रिशियनला पहिल्या वाक्यात सांगा. दोन एचपीची सिंगल फेज मोटर भरभारात १० ते १२ अँपिअर ओढते. दोन मिळून १६ अँपिअरच्या सर्किटमध्ये मावत नाहीत, म्हणून दोघांना स्वतंत्र सर्किट. तळघराचं स्वतंत्र डीबी (सर्किटच्या स्विचांची पेटी), त्यात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच.

कलेक्टरचा पंखा जड, त्यामुळे सुरू होताना काही सेकंद पाच-सहापट करंट जातो. बी कर्व्हचा, म्हणजे थोड्याच जादा करंटला तुटणारा, एमसीबी अशा वेळी पडत राहतो. सी घ्या, तोही पडला तर डी. वायर ४ चौरस मिमीची टाका. डीबी २० मीटरवर असेल आणि सुरू होताना ५५ अँपिअर गेले, तर अडीचच्या वायरमध्ये १६ व्होल्ट पडतात, चारच्या वायरमध्ये १०. संध्याकाळी आधीच व्होल्टेज २०५ असलेल्या गावात हा फरक मोटर सुरू होणं आणि घुमत बसणं यांतला असतो. एकूण भार मोजून महावितरणकडचा मंजूर भार आधीच वाढवून घ्या, थ्री फेज मिळत असेल तर उत्तम.

काम चालू असताना वीज गेली तर?

दोन गोष्टी. पहिली: पातं फिरत असताना तळघरात मिट्ट काळोख होतो, म्हणून किमान दोन दिवे इन्व्हर्टरवर ठेवा. दुसरी: वीज परत आली की साध्या स्विचची यंत्रं आपोआप सुरू होतात आणि तोवर तुमचा हात पात्याजवळ असू शकतो. फिरत्या पात्याच्या प्रत्येक यंत्राला नो-व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर लावा, म्हणजे वीज आली तरी बटण दाबेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. शेतीच्या पंपाला जो लागतो, त्याच जातीचा.

कलेक्टर असूनही हवेत धूळ दिसते.

दिसणारच. सँडिंग आणि माइटर सॉची धूळ पूर्ण पकडली जात नाही. छताला टांगायचा एअर क्लीनर लावा: तासाला आठ वेळा खोलीची हवा गाळायची तर आपल्या खोलीला सुमारे ३६० सीएफएम लागतात. एक्झॉस्ट फॅनच्या मागे एसीचं प्रीफिल्टर आणि त्यामागे बारीक फिल्टर अशी पेटी घरी बनवता येते. काम संपल्यावर तासभर ती चालू ठेवा. पीएम २.५, म्हणजे हवेतली अतिबारीक धूळ, मोजायचं छोटं यंत्र भिंतीवर लावलं की किती वेळ मास्क काढू नये ते कळतं: काम सुरू करण्याआधीचा आकडा परत येईपर्यंत. मास्क एन-९५, दाढीवर तो नीट बसत नाही. झाडू मारू नका, व्हॅक्युमनं ओढा.

पॉलिशही खालीच करता येईल का?

नको. एनसी थिनर, मेलामाइन, पीयू यांची वाफ हवेपेक्षा जड, ती तळघरात साचते आणि हातातल्या यंत्रांच्या युनिव्हर्सल मोटरचे ब्रश ठिणग्या टाकत असतात. पॉलिश गच्चीवर. स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच: एलपीजी हवेच्या दीड ते दोनपट जड असतो, वरच्या स्वयंपाकघरात गळती झाली तर तो पायऱ्यांवरून पाण्यासारखा खाली उतरतो. तळघरात सिलिंडर अजिबात नको आणि गॅस डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर. पाईपनं येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तिथे डिटेक्टर छताजवळ लागतो.

पहिल्या वर्षी छान चालला, आता ओढ कमी झाली. मोटर गेली का?

बहुतेक वेळा फिल्टर. पारदर्शक नळी यू आकारात वाकवा, तिच्यात रंगीत पाणी भरा आणि एक टोक फिल्टरच्या आधीच्या बाजूला भोक पाडून जोडा. फिल्टर नवं असताना पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक पेननं नोंदवून ठेवा. तो दुप्पट झाला की फिल्टर बाहेर अंगणात नेऊन स्वच्छ बाजूनं कंप्रेसरनं फुंका, हवेचा दाब कमी आणि नोझल हातभर लांब ठेवून. जवळून मारलं तर कागद फाटतो. फिल्टर ठीक असेल तर क्रमानं बघा: पिंपाचं गास्केट, अर्धवट बंद झडपा, पहिल्या बेंडचं दार, पंख्याच्या तोंडाच्या जाळीत अडकलेली लांब ढलपी. मोटर सगळ्यात शेवटी, आणि तिच्यातही आधी कपॅसिटर.

एवढ्या भुशाचं करायचं काय?

रंध्याच्या नुसत्या लाकडाच्या ढलप्या कंपोस्टमध्ये ओल्या कचऱ्याबरोबर थोड्याथोड्या चालतात. जास्त घातल्या तर खत कुजायचं थांबतं, सागाच्या तर फारच हळू कुजतात. प्लाय, एमडीएफ, लॅमिनेटची धूळ झाडांना, गोठ्यात किंवा बंबात कुठेच नको. तिच्यात डिंक आहे. ती पिशवीत घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात द्या आणि गाडीवाल्याला आधी सांगा, नाहीतर पिशवी फुटली की त्याच्या तोंडावर उडेल.